खरवडणाऱ्या हत्याराची धार

बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीच्या खाणीतून निघणारे मँगनीज बहुतांशी पोलादाच्या कामी येते आणि कातारी ज्या हत्याराने लाकूड कातत असतो तेही पोलादाचेच असते, एवढे या परिसराचे आणि प्रस्तुत विषयाचे नाते जवळचे आहे. मँगनीज पोलादातील गंधकाला बांधून ठेवते आणि त्यामुळे येणारा ठिसूळपणा टाळते. शिवाय हत्यारी पोलादाच्या एका प्रकारात ते सुमारे 1 टक्का असल्यामुळे तापलेल्या पात्याला पाण्याऐवजी तेलात बुडवून, म्हणजे थोडे सावकाश थंड करून, कठीण करता येते आणि पाते वाकण्याचा वा तडकण्याचा धोका कमी होतो.

लेथवर फिरणाऱ्या लाकडाला अखेरचा आकार व सफाई देणाऱ्या चपट्या, जाड पात्याच्या हत्याराला स्क्रेपर म्हणतात. गोल पटाशीचा उतार लाकडाला टेकून चालतो, स्क्रेपरचा टेकत नाही. पाते टेकूवर आडवे राहते, त्याचे टोक किंचित खाली झुकवले जाते आणि कापण्याचे काम करते ती उताराच्या वरच्या कडेवर उठलेली, नखालाच जाणवावी इतकी बारीक, वळलेली धातूची किनार. या किनारीलाच बर म्हणतात. फिटरच्या कामात बर हा कानस मारून काढून टाकण्याचा दोष असतो, स्क्रेपरच्या बाबतीत मात्र तीच धार असते. आणि स्क्रेपर हे ओबडधोबड, लाकूड फाडणारे हत्यार आहे ही अपकीर्ती बहुधा ही किनार झिजल्यावरही ते रेटत राहिल्यामुळे झालेली आहे. धार असताना पात्यावरून पातळ, कुरळे सालपट निघते. नुसता भुसा पडू लागला की किनार गेली असे समजावे.

नेहमीच्या स्क्रेपरचा उतार साधारण 70 ते 80 अंशांचा ठेवतात. ग्राइंडरच्या चाकावर तो हलक्या हाताने फिरवला की किनार आपोआप उठते. ती अधिक टिकाऊ हवी असेल तर चाकाचे ओरखडे दगडावर घासून काढतात आणि मग कठीण, गुळगुळीत पोलादी सळई कडेवरून दाबून ओढतात. अंगठा पात्याच्या सपाट अंगावरून कडेबाहेर हलकेच सरकवला असता तो अडखळला पाहिजे. ग्राइंडरवर साध्या कार्बन पोलादाच्या पात्यावर निळा रंग चढला, तर ते सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापून त्याचे पाणी उतरले असे मानावे. नंतर ते पाण्यात बुडवून काठिण्य परत येत नाही, तेवढा भाग घासून काढावाच लागतो. हाय-स्पीड पोलाद त्याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसते, पण ते लालभडक तापवून एकदम पाण्यात बुडवू नये, कारण त्याला सूक्ष्म चिरा पडतात. जुनी कानस घासून स्क्रेपर करण्याची पद्धत सर्वत्र आढळते आणि तिच्याविषयी स्पष्ट इशारा देणे आवश्यक आहे: कानशीचे पोलाद इतके कठीण असते की लाकडात अडकताच ते काचेसारखे तुटू शकते, म्हणून दात घासून काढल्यावर पाते पुन्हा तापवून थोडे मऊ करणे टाळता येत नाही.

विशेष कामांचे स्क्रेपर याच तत्त्वावर घडतात. डबीच्या आतल्या भिंतीसाठी डाव्या बाजूलाही धार लावतात. वाडग्याच्या आतील भागासाठी टोकाची गोलाई वाडग्याच्या गोलाईपेक्षा लहान ठेवतात, नाहीतर संपूर्ण कड एकदम टेकून पाते थरथरते. ज्या प्रकारात पात्याच्या वरच्या अंगालाही उतार देतात, तेथे दोन उतारांमधील कोन 60 अंशांच्या आसपास येतो, हत्यार लाकडात ओढले जात नाही आणि आडव्या तंतूंवर सफाई उत्तम येते. मात्र त्याची नाजूक किनार फार लवकर झिजत असल्यामुळे पुन्हा पुन्हा ग्राइंडरकडे वळावे लागते.

बालाघाटच्या जंगलातील साग या बाबतीत कसोटी पाहणारा आहे, कारण त्याच्या तंतूंत वाळूतल्यासारखी सिलिका असते आणि ती साध्या पोलादाची धार झपाट्याने घालवते. सागासाठी हाय-स्पीड पोलाद किंवा कार्बाइडचा तुकडा बसवलेले हत्यार बरे. याच जिल्ह्यात पळस आणि कुसुमावर लाखेचे उत्पादनही होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. पण बोथट स्क्रेपरने उपटलेले तंतू त्या पातळ, चकचकीत थराखाली झाकले जात नाहीत, उलट अधिक उठून दिसतात, म्हणून लाख देण्याआधीचा शेवटचा हात नुकत्याच लावलेल्या धारेनेच फिरवावा लागतो.