रोग्याचे ऐकणारा डॉक्टर

आपण दवाखान्यात जाता. "काय होतंय?" असे डॉक्टर विचारतात. "अंगात कडकी आहे," किंवा "बाळाला वारं लागलंय," असे आपण सांगू लागता, तोच समोरचा हात कागदावर औषध लिहू लागलेला असतो. हा अनुभव आपणांस नवा नाही. मीही असाच हात चालवणारा डॉक्टर होतो.

मी सोलापूरकडचा, ज्वारीवर वाढलेला. नेमणूक झाली ती कोकणात. तिथे मधुमेहाच्या एक आजीबाई येत. मी ठणकावून सांगितले, "भात बंद. ज्वारीची भाकरी खा." त्या म्हणाल्या, "होय, डाक्टरांनू." आणि येईनाशा झाल्या. मीही म्हटले, गेल्या असतील दुसरीकडे! सहा महिन्यांनी आल्या त्या पायाची जखम चिघळवून. दोन बोटे काढावी लागली. औषध का सोडले, म्हणून विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाल्या, "भात सोडूक जमाक नाय, म्हणान तुमच्यासमोर येवक लाज वाटली."

त्यांच्या घरी ज्वारी येतच नव्हती. मी विचारले मात्र नव्हते.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, आणि शिकलेल्या माणसाकडून ती अधिक होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे मेलानी टर्व्हालन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बाईंनी 1998 साली एक लेख लिहिला. त्यात एका परिचारिकेची हकिकत आहे. शस्त्रक्रिया झालेली एक लॅटिन वंशाची बाई कण्हत होती. तिला बऱ्याच वेदना होताहेत, असे एका डॉक्टरांनी सुचवले. परिचारिका म्हणाली, "मी परसंस्कृतीचा वर्ग केला आहे. ही माणसे वेदना वाढवूनच सांगतात." म्हणजे पाहा, वर्गात मिळालेल्या ज्ञानानेच तिचे कान बंद केले! म्हणून या दोघींनी शब्द वापरला तो 'सांस्कृतिक नम्रता'. दुसऱ्याचे रीतिरिवाज पाठ करून हे काम संपत नाही. आपली स्वतःची समजूत जन्मभर तपासत राहायची, आणि रोग्याला त्याच्या आयुष्यापुरता जाणकार मानायचे.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. इस्पितळाची भीती का वाटते, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे ऐकण्यासारखी होती. पांढरे कपडे आम्ही प्रेताला गुंडाळतो, मग ते घालणारे जीव कसे वाचवणार? नातेवाइकांना बाहेर का काढता? इथे देव कुठे आहे? मग इस्पितळ उभे राहिले ते त्यांच्या गावासारखे. घरची माणसे रोग्याजवळ राहू लागली, आणि नाव दिले माँ दंतेश्वरीचे.

याचा अर्थ सगळेच मान्य करायचे असा मात्र नव्हे. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देणे घातकच, आणि ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण डाग देणाऱ्या आईला आधी विचारा, "पोट फुगलं होतं का? किती दिवस?" ती घाबरलेली असते. शिव्या खाल्ल्या, तर पुढच्या वेळी बाळ दाखवायलाच आणणार नाही.

डॉक्टर घडवणाऱ्या शिक्षकांना थोडे सांगतो. 2019 पासून आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला आहे. तो फळ्यावर उरकू नका. विद्यार्थ्याला रोग्याच्या चुलीजवळ बसवा. "तुम्हांला काय वाटतं, हे कशानं झालं?" हा प्रश्न विचारून त्याला गप्प राहायला शिकवा. गप्प राहणेच फार अवघड जाते, हे स्वानुभवाने सांगतो. शाळामास्तरांनीही आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलाच्या घरची भाषा डॉक्टरांना उलगडून सांगावी.

आणि श्रोतेहो, आपणही झाडपाला, अंगारा, गावच्या वैदूचा काढा, जे घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका. काही काढे आणि गोळ्या एकत्र घेणे बाधते.

आजीबाई पुढे नेमाने येत राहिल्या. भात निम्म्यावर आला, कुळीथ आणि पालेभाजी वाढली. त्या दारातूनच वाटीचे माप हाताने दाखवत, आणि मी ते वहीत टिपून घेई.