देव मानणारे, न मानणारे आणि मीरतचा खटला

(नवी दिल्ली येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या पत्रकावर विषय छापला आहे, ‘नास्तिकता आणि धर्मस्वातंत्र्य’. तो वाचून एका जुन्या सभासदाने आम्हाला विचारले, सचिवसाहेब, युनियनला हा नसता उद्योग कशाला? महागाई भत्त्यावर बोला, रिक्त जागांवर बोला. प्रश्न रास्त आहे. म्हणून देवापासून सुरुवात न करता कायद्यापासून करतो, आणि तोही आपल्या पोटावर आलेल्या कायद्यापासून.

दिवस ८ एप्रिल १९२९ चा. ज्या इमारतीला २०२३ पासून संविधान सदन म्हणतात, तिथे तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळ भरत असे. त्या दिवशी तिथे ‘ट्रेड डिस्प्यूट्स बिल’ मंजूर झाले. त्यात टपाल, तार आणि सरकार जाहीर करील ती रेल्वे सेवा ‘सार्वजनिक उपयुक्त सेवा’ ठरवली होती. चौदा दिवसांची नोटीस न देता संप केला तर एक महिन्यापर्यंत कैद. सरकारवर दबाव आणणारा सार्वत्रिक संप तर बेकायदाच. म्हणजे तुम्ही आणि आम्ही, या सभेत बसलेले दोन्ही खात्यांचे लोक, त्या कायद्यात नावानिशी होतो.

दुसरे बिल होते ‘पब्लिक सेफ्टी’चे. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल त्यावर आपला निर्णय द्यायला उभे राहिले आणि प्रेक्षकांच्या सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले, पत्रके उधळली आणि स्वतःला अटक करून घेतली. हे शाळेतली पोरेही सांगतात. पण ते कोणत्या बिलाच्या दिवशी घडले, हे आपल्याच कामगारांना विचारले तर दहात दोघे सांगतील.

याच्या आधी तीन आठवडे, २० मार्च १९२९ ला, देशभर धरपकड झाली होती. एकतीस जणांना पकडून मीरतला आणले, पुढे एक वाढून बत्तीस झाले. डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, अधिकारी, गिरणी कामगारांचे आळवे आणि कसले ही नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आमच्या दृष्टीने त्यांत सर्वांत जवळचे के. एन. जोगळेकर, जी. आय. पी. रेल्वेच्या युनियनचे. आजच्या मध्य रेल्वेचा पाया ती जी. आय. पी. आरोप काय? बादशहाचे हिंदुस्थानवरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट, कलम १२१-अ. बहुतेकांचे काम मुंबई-कलकत्त्याला. मग खटला मीरतला का? कारण मुंबई-कलकत्त्याला ज्यूरी बसली असती. मीरतला ज्यूरी नव्हती. दिल्लीहून मीरत सत्तर किलोमीटर, आता तर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. आपले कितीतरी लोक तिथून रोज ड्यूटीवर येतात. पण मुंबईच्या कामगारासाठी ते परके गाव होते. साक्षीदार आणायचा तर आगगाडीचे भाडे कोण देणार?

आता विषयाकडे येतो. सरकारी वकील लँगफर्ड जेम्स यांनी आपल्या सुरुवातीच्या भाषणात संप, युनियन, पत्रके एवढ्यावर भागवले नाही. हे लोक देशाच्या विरुद्ध आहेत, देवाच्या विरुद्ध आहेत, कुटुंबाच्या विरुद्ध आहेत, असे चित्र त्यांनी रंगवले. देव न मानणे हा तेव्हाच्या भारतीय दंडविधानात गुन्हा नव्हता, आजच्या कायद्यातही नाही. मग न्यायालयात ते कशाला सांगायचे? ते न्यायाधीशासाठी नव्हतेच. ते वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांसाठी होते, चाळीतल्या माणसासाठी होते. ज्या माणसाने तुझ्या पगारासाठी संप केला तो तुझ्या विठोबाचा वैरी आहे, तुझ्या अल्लाचा वैरी आहे, हे एकदा मनात भरवले की वर्गणी आपोआप थांबते. आणि सगळे आरोपी कम्युनिस्टही नव्हते. पुण्याचे ठेंगडी, आयटकचे माजी अध्यक्ष, वयोवृद्ध गृहस्थ, खटला चालू असतानाच वारले. निकाल लागला १६ जानेवारी १९३३ ला, म्हणजे पावणेचार वर्षांनी. सत्तावीस जणांना शिक्षा. जोगळेकरांना बारा वर्षे काळे पाणी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शिक्षा पुष्कळ कमी केल्या. पण गेलेली वर्षे कोणते न्यायालय परत देणार?

भगतसिंगांचा ‘मी नास्तिक का आहे’ हा लेख आपल्यापैकी काहींनी वाचला असेल. तुरुंगात १९३० साली लिहिलेला, फाशीनंतर सप्टेंबर १९३१ मध्ये लाहोरच्या ‘द पीपल’मध्ये छापून आला. त्यातला एक तपशील रेल्वेवाल्यांनी लक्षात ठेवावा. १९२७ च्या मे महिन्यात त्यांना लाहोरला पकडले तेव्हा महिनाभर रेल्वे पोलिसांच्या कोठडीत ठेवले होते. तिथे पोलीस अधिकारी त्यांना माफीचा साक्षीदार व्हायला सांगत, फाशीची धमकी देत, आणि त्याचबरोबर दोन्ही वेळ देवाची प्रार्थना करत जा असा आग्रह धरीत. त्यांनी ती केली नाही. आम्हाला यात नास्तिकतेपेक्षा दुसरेच दिसते. ज्याच्या हाती कोठडीची किल्ली आहे त्याने प्रार्थना कर म्हणणे, याला धर्म म्हणायचे का? एखाद्या सश्रद्ध माणसालाही अशी प्रार्थना नकोशी वाटेल.

आणि हे उलट बाजूनेही घडते. इथे आमच्या काही जुन्या साथींच्या कपाळाला आठ्या पडतील, पण बोलणे भाग आहे. त्याच दिवशी, ८ एप्रिल १९२९ ला, मॉस्कोत धार्मिक संस्थांविषयीचा कायदा झाला. नोंदणी केलेल्या इमारतीत पूजाप्रार्थना करा, बाहेर काही नाही. धार्मिक मंडळाला साहाय्य फंड काढायला बंदी, मुलांच्या-बायकांच्या प्रार्थनासभांना बंदी. पुढच्याच महिन्यात राज्यघटना बदलली: धर्माविरुद्ध प्रचाराचा हक्क राहिला, धर्माच्या प्रचाराचा गेला. पुढे अल्बानियाने १९६७ मध्ये देशातल्या मशिदी आणि चर्च बंदच करून टाकली. तिथला कामगार नास्तिक झाला असे आम्ही मानत नाही, तो गप्प झाला. आणि ज्या देशात प्रार्थनेला बंदी होती तिथे सरकारला न विचारता संप करणारी युनियन होती का? नव्हती.

आपल्याकडे घटनेच्या २५ व्या कलमात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आधी लिहिले आहे आणि धर्माचे आचरण नंतर. मानणारा आणि न मानणारा एकाच कलमाच्या छपराखाली आहेत. पण हे छप्पर ज्या खांबांवर उभे आहे ते खांब १९ व्या आणि २१ व्या कलमाचे. आणीबाणीत हे दिसले. २७ जून १९७५ च्या आदेशाने १४, २१ आणि २२ या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला, जानेवारी १९७६ मध्ये १९ व्या कलमाचाही. २५ वे कलम यादीत नव्हते. कागदावर धर्मस्वातंत्र्य शाबूत! देवळात घंटा वाजत होती, मशिदीत अजान होत होती. आणि ४ जुलै १९७५ ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, जमाते इस्लामी, आनंदमार्ग आणि नक्षलवादी गट, सगळ्यांवर एकदमच बंदी आली होती. सश्रद्ध, अश्रद्ध, उजवे, डावे एकाच बराकीत. ८ मे १९७४ च्या आपल्या रेल्वे संपात तुरुंग पाहिलेल्या कितीतरी जणांना पुन्हा तोच दरवाजा दिसला. १९ एप्रिल १९७६ ला इथेच तुर्कमान गेटला घरे पाडताना गोळीबार झाला. नवव्या दिवशी, २८ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थानबद्धाला दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे एच. आर. खन्ना विरुद्ध गेले. बहुमतातल्या यशवंत चंद्रचूड यांच्या चिरंजीवांनीच २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवला, हेही नोंदवून ठेवतो.

आजही हा प्रश्न पगाराच्या बिलापर्यंत येतो. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरायला गेले असता गोळ्या घातल्या. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरला गोविंद पानसरे, ते तर आयुष्यभर कामगारांचे खटले लढलेले वकील. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य रस्त्यावर कोण सांभाळणार?

दुसऱ्यांचे सांगून झाले, आता आमचे. आमच्या एका शाखेत दर सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते. मोठा उत्साह असतो, त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही स्वतः तिथे नारळ फोडला आहे. पण काही वर्षे तिची वर्गणी युनियनच्या पावतीपुस्तकावर गोळा होत होती. सोय म्हणून. एका फिटरने नाही म्हटले. देव मानत नाही, एवढेच तो म्हणाला, भांडला नाही. त्याला चिडवणे सुरू झाले, डब्यात कोणी त्याच्याशेजारी बसेना. दुसरा एक मुसलमान सहकारी गुपचूप पैसे देत होता. का देतोस असे आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, साहेब, नाव यादीत वेगळे दिसायला नको. फिटरने सभासदत्व सोडले. त्याच्या बदलीचे प्रकरण आले तेव्हा तो आमच्याकडे आलाच नाही. आम्ही, जे मीरतच्या आरोपींचे फोटो कार्यालयात लावतो, आम्ही त्याच्या दारी गेलो नाही. हे आमचे चुकले.

गेल्या वर्षी शाखेने ठराव केला आहे. युनियनच्या पावतीपुस्तकावर कोणत्याही धर्माच्या कार्यक्रमाची वर्गणी घ्यायची नाही. पूजा करणाऱ्यांनी आपली समिती करावी, आपला हिशेब ठेवावा, हॉल सगळ्यांना सारख्याच भाड्याने मिळेल. मुसलमान सहकाऱ्याने त्या वर्षीही पन्नास रुपये दिले, पण स्वतःहून, प्रसादाच्या पंगतीसाठी. फिटरच्या घरी आम्ही दोघे पदाधिकारी जाऊन आलो. चहा झाला. सभासदत्वाचा अर्ज त्याच्या टेबलावर ठेवून आलो आहोत, त्याने अजून तो भरलेला नाही.