वाट, हाक आणि नाव



ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुराने सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी मोबाइलचे मनोरे बंद पडले, तरी जवळजवळचे फोन आणि संगणक एकमेकांनाच जोडून जाळे उभारता येते. त्याला मुख्य केंद्र लागत नाही. प्रत्येक यंत्र शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवते.

अशा जाळ्यात दोन प्रश्न येतात. निरोप कोणत्या वाटेने न्यायचा? आणि हवी ती सेवा कोणाकडे आहे? वाटेसाठी यंत्र शेजाऱ्यांना विचारते, ते पुढे विचारतात. उत्तर उलट वाटेने परत येते. सेवा शोधायला मात्र नावाने हाक मारावी लागते, आणि इथे प्रश्न आपला, भाषेचा होतो.

सेवा शोधण्याचे एक प्रचलित मानक 2013 चे आहे. त्यात सेवेचे नाव देवनागरीतही देता येते. मर्यादा 63 बाइटची. साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. काना, मात्रा, जोडाक्षरातला हलन्त, सारे वेगळे मोजले जाते. ‘इच्छापोर’ आपल्याला चार अक्षरांचे दिसते. यंत्र आठ चिन्हे मोजते, म्हणजे 24 बाइट. रोमन लिपीत 10 पुरतात.

म्हणून ‘इच्छापोर पूरग्रस्त मदत केंद्र’ हे नाव मावत नाही. ‘पूर मदत, इच्छापोर’ 45 बाइटमध्ये बसते, आणि कळतेही लवकर.

अशी नेमकी नावे आपण आधीच ठरवली नाहीत, तर ती रोमनमध्ये लिहिली जातील आणि फक्त देवनागरी वाचणाऱ्याला समोरची मदत ओळखू येणार नाही. विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: आपल्या वस्तीतल्या सेवांची अशी नावे लिहून काढा, आणि चिन्हे मोजा.