अंधाराचा पंचनामा

(श्रीपूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मघाशी इथं दोन वेळा लाईट गेली आणि दोन्ही वेळा कुणी हूं की चूं केलं नाही. माईकवाला वायर बघायला उठला, बायांनी पदरानं वारा घेतला आणि गप्पा चालूच राहिल्या. इतकी आपल्याला सवय आहे. म्हणूनच आज या विषयावर बोलायचं ठरवलं. घटकाभर लाईट जाणं वेगळं. पण वादळपावसानं जाते आणि आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस येत नाही, तेव्हा घरात काय काय होतं याचा हिशेब कुणी मांडलाय का?

वादळ म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर आलं. ताशी शंभराच्या वर वारा. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब काडीसारखे मोडले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत अनेक आठवडे उजेड नव्हता. त्या वादळाला नाव होतं, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यावर जे आलं त्याला नावच नव्हतं. बंगालच्या उपसागरात ते तयार झालं, १३ ऑक्टोबरला आंध्रात काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत शिरलं आणि तेलंगणातून थेट सोलापूरवर आलं. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला तरच हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं आणि नाव देतं. आपलं वादळ एका पायरीनं खाली राहिलं, बारशापर्यंत पोचलंच नाही. पण १४ तारखेला जो पाऊस कोसळला तो विसरण्यासारखा नव्हता. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा माणसं गेली. उजनीतून पाणी सोडावं लागलं, भीमेला पूर आला.

पाणी ओसरल्यावर आम्ही चार-पाच जणी भीमाकाठच्या गावांत फिरलो. कोरोनाचे दिवस, तोंडाला पदर बांधलेला. जिथं जाऊ तिथं पुरुष मंडळी शेताकडे न्यायची. लोळलेला ऊस, कुजलेलं सोयाबीन, वाहून गेलेली माती दाखवायची. ते नुकसान खरंच होतं, मी ते कमी लेखत नाही. पण बाया आम्हाला घरात न्यायच्या आणि रिकामा पिठाचा डबा दाखवायच्या.

हे समजून घ्या. लाईट का गेली? काळ्या रानात पाणी मुरलं की माती लोण्यासारखी होते, खांब तिरके होतात, तारा लोंबतात. डीपी पाण्यात गेली की शॉक बसून माणसं-जनावरं मरू नयेत म्हणून वीज मुद्दाम बंद ठेवावी लागते. वायरमन छातीएवढ्या पाण्यात जाऊन तारा ओढत होते, तेही मी पाहिलंय. त्यांच्यावर माझा राग नाही. पण लाईट गेली म्हणजे काय गेलं? गावच्या गिरणीची मोटर बंद. जातं आता किती घरांत आहे? होतं ते परड्यात पायरीला बसवलेलं. चार दिवस भातावर काढले, पाचव्या दिवशी तांदूळही सरला. नळाच्या योजनेचा पंप बंद, म्हणून सगळं गाव एका हापशावर. नदी दारात आलेली आणि प्यायला पाणी नाही. संडास बांधलेत, पण ओतायला पाणी कुठं? मग पुन्हा अंधारात, चिखलात, विंचूकाट्यात, दोघी-तिघींनी मिळून बाहेर जायचं. ज्या बाईला सोबत नाही तिनं दिवसा पाणी पिणंच कमी केलं. एका म्हातारीनं हे आम्हाला अगदी सहज सांगितलं, भाजीत मीठ कमी घातलं म्हणावं तसं.

आणि चिमणी लावायची म्हटलं तर रॉकेल नाही. गॅस घेतला त्यांचं रेशनचं रॉकेल बंद झालेलं. गॅस आला हे चांगलंच झालं, धुरातून सुटका झाली. पण घरात अंधाराला जो एक आधार होता तो काढून घेताना, त्याच्या जागी काय, हे कुणी विचारलं नाही. दुकानात मेणबत्ती होती, तिला भाव आला.

मोबाईलची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या बॅटरीवर सगळ्यांचे फोन चार्ज व्हायचे. आधी कर्त्याचा, मग पोराचा, कारण तेव्हा शाळा मोबाईलवर होती. मग वेळ उरला तर सुनेचा. म्हणजे माहेरी खुशाली कळवायची सोय नाही, की काही वेडंवाकडं झालं तर कुणाला बोलवायची. आपण मेळाव्यांतून हेल्पलाइनचे नंबर वाटतो. फोनच मेलेला असेल तर तो नंबर काय करायचा? दारू मात्र अंधारातही मिळत होती, असं तीन गावांत ऐकलं. पुढचं मी सांगायला नको.

एका उपकेंद्रात आशाताईंनी मोबाईलच्या उजेडात बाळंतपण निभावून नेलं. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, मीही केलं. पण घरी आल्यावर मला वाटलं, हे कौतुकानं संपवायचं प्रकरण नाही. त्या ठिकाणी साधा चालू इन्व्हर्टर असता तर कौतुकाची वेळच आली नसती.

आता कुणी म्हणेल, बाई, पुरात माणसं मरतात आणि तुम्ही पिठाच्या डब्याचं काय घेऊन बसलात? त्यांना एक लांबचं उदाहरण सांगते. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्टो रिको बेटावर 'मारिया' नावाचं चक्रीवादळ आलं. सगळ्या बेटाची वीज गेली. ती पुरती परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. सरकारनं आधी मृतांचा आकडा सांगितला ६४. पुढच्या वर्षी एका विद्यापीठानं मोजदाद केली तेव्हा तो निघाला २,९७५. वादळानं उडून गेलेली ही माणसं नव्हेत. बरीचशी मागाहून गेली. म्हातारी, आजारी, गरीब. जिथं उपचाराचं यंत्र चाललं नाही, औषध थंड राहिलं नाही, डॉक्टरपर्यंत पोचता आलं नाही, तिथली. म्हणजे वादळ एका दिवसात निघून गेलं, अंधारानं पुढे कित्येक महिने माणसं नेली. आणि ती मोजायची तर आधी शोधावी लागली.

आमच्यासमोर जो पंचनामा झाला त्यात एकरं लिहिली, जनावरं लिहिली, पडलेल्या भिंती लिहिल्या. पैसा सातबाऱ्यावरच्या नावावर गेला. शिवणयंत्राला मोटर बसवून पोट भरणाऱ्या एका विधवेचे अकरा दिवस कुठल्याच रकान्यात बसले नाहीत. तिनं वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन तक्रार नोंदवायचा प्रयत्न केला, तर ग्राहक क्रमांक कुणाच्या नावावर आहे असं विचारलं. मीटर सासऱ्यांच्या नावावर, सासरे वारून सहा वर्षं झालेली. बिल ती भरते, पण ग्राहक ती नाही.

कायदाही नीट पाहून ठेवा. वीज वेळेत सुरू झाली नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते, असे वीज नियामक आयोगाचे नियम आहेत. पण पूर, चक्रीवादळ अशा संकटांत ती लागू होत नाही. एका अर्थी हे समजण्यासारखं आहे, खांबच वाहून गेला तर कंपनी काय करणार? पण म्हणून सगळंच निसर्गावर ढकलता येत नाही. वीज परत येताना कुठं आधी आणि कुठं मागाहून येते, हे निसर्ग ठरवत नाही. ते माणसं ठरवतात. ज्याचा फोन वरपर्यंत लागतो त्याची लाईन आधी जोडली जाते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

श्रीपूर हे साखर कारखान्याचं गाव. उसाच्या बगॅसवर वीज तयार होते आणि विकली जाते, असे कितीतरी कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत. त्याच उसाच्या तोडीला बीडकडून टोळ्या येतात. २०२० मध्ये गाळपाच्या तोंडावरच तो पाऊस झाला. आधी पोचलेल्या टोळ्यांच्या खोपींत पाणी शिरलं. त्यांची लाईट गेली असं कुणी म्हटलं नाही, कारण तिथं लाईट नव्हतीच. आपण अंधाराबद्दल बोलतो तेव्हा आपल्याच मनात या बाया येतात का, हे मी स्वतःलाही विचारते. त्या दौऱ्यात आम्ही खोप्यांवर गेलो ते शेवटच्या दिवशी, तेही वाटेत लागल्या म्हणून.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, माढा, करमाळा, मोहोळच्या गावांत पाणी शिरलं. म्हणजे हे पाच वर्षांतून एकदा धरून चाला. तेव्हा पुढच्या पावसाळ्याच्या आत आपल्याला एक यादी करायची आहे. कुठल्या घरात दिवस भरत आलेली बाई आहे, कुठं इन्सुलिन लागतं, कोण एकटी राहते, खोपी कुठं पडतात. गिरणी कुठल्या डीपीवर आहे, पाण्याचा पंप कुठल्या फीडरवर आहे. हे वायरमनला विचारलं तर तो पाच मिनिटांत सांगतो, त्याला आपल्यापैकी कुणी विचारलेलं नसतं एवढंच. मग ठराव करायचा की वीज जोडताना पाण्याचा पंप, दवाखाना आणि गिरणी आधी, बाकी सगळं नंतर. आणि पंपासाठी, दवाखान्यासाठी एक जनरेटर डिझेलसकट तयार पाहिजे. महाळुंग-श्रीपूरला आता नगरपंचायत आहे, नगरसेविका आहेत. त्यांच्यापुढे हा कागद ठेवायचा आणि सभेच्या इतिवृत्तात आला की नाही ते बघायचं.

दुसरं काम मीटरचं. ज्यांचं मीटर वारलेल्या माणसाच्या नावावर आहे त्यांनी आज जेवणाच्या सुट्टीत हात वर करा, आपण नावं लिहून घेऊ. येत्या बुधवारी सगळ्यांनी मिळून वीज कंपनीच्या कार्यालयात जायचं आहे. येताना शेवटचं भरलेलं बिल, मृत्यूचा दाखला आणि आधार कार्डाची झेरॉक्स आणा. झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवा, बुधवारी लाईट असेल याचा भरवसा नाही.