पाहुण्याची अपेक्षा आणि गावाचा नफा
(सदर बाजार, रायपूर येथील श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान)

ज्या सदर बाजारात आपण आज जमलो आहोत, त्या बाजारातूनच विषयाला आरंभ करणे सोयीचे होईल. हा बाजार सराफीचा. आसपासच्या खेड्यांतून येणारी बाई येथे सुता, पैरी, करधन किंवा ऐंठी घेते. भाव दोघांनाही ठाऊक असतो. वजन तराजू सांगतो. सराफाचा नफा असतो तो घडणावळीत आणि मोड घेताना धरलेल्या तुटीत. गिऱ्हाइकाची अपेक्षा असते ती कसाची आणि मापाची. या दोहोंत उघडउघड विरोध आहे. तुटीचा आकडा जितका वाढेल तितका सराफाचा लाभ आणि बाईचा तोटा. असे असूनही हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. याचे कारण सराफ साधुपुरुष असतो हे नव्हे. तीच बाई तोच दागिना घेऊन कधीतरी परत येणार आहे, मुलीच्या लग्नात मोडावयाला किंवा दुष्काळात गहाण टाकावयाला, हे त्याला पक्के ठाऊक असते. तिच्या मागून तिची सून येणार असते. ज्याचे तोंड पुन:पुन्हा पाहावयाचे आहे त्याला फसवणे महाग पडते. जेथे एवढ्याने भागले नाही तेथे कायद्याला यावे लागले. सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेचा शिक्का असलाच पाहिजे असा नियम जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने लागू झाला, तो याचसाठी.

आता अशा धंद्याचा विचार करा की ज्यातले गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच यावयाचे आहे. थंड हवेच्या ठिकाणचा धंदा बहुतांशी असा असतो. दोन रात्री राहून गेलेला पाहुणा पुन्हा येईल की नाही हे कोणी सांगावे? त्याच्याकडून आज जे काढता येईल ते काढून घ्यावे, ही बुद्धी तेथे सहज होते. शिवाय येथे विकावयाची वस्तूही विचित्र असते. सराफाने एक हार विकला म्हणून दुसऱ्या हाराचा कस उतरत नाही. परंतु शांतता, मोकळी वाट, न तुडवलेले बर्फ या वस्तू अशा आहेत की त्या जितक्या अधिक लोकांना विकाव्यात तितक्या त्या प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतात.

हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो तो बर्फावरून घसरण्याच्या खेळाच्या, म्हणजे स्कीइंगच्या, ठिकाणी. डोंगरमाथ्यापर्यंत माणसांना वर नेणारे लोहरज्जूमार्ग उभारावे लागतात. ते महाग असतात आणि बर्फ पडो वा न पडो, त्यांची निगा व नोकरांचे पगार चुकत नाहीत. हंगाम चारपाच महिन्यांचा. बर्फ तर कोणाच्या हुकमाने पडत नाही. खेळाडूची अपेक्षा अशी की रांग छोटी असावी, उतार चांगला राखलेला असावा आणि तिकीट आवाक्यात असावे. मालकाला हवी असते ती मोठी रांग, कारण रांग म्हणजे गल्ला.

अमेरिकेतील व्हेल या कंपनीने २००८ मध्ये या पेचातून एक वाट काढली. तिने अनेक डोंगरांवर चालणारा, हंगामभराचा एकच पास स्वस्तात विकावयास काढला, तोही बर्फ पडण्याच्या आधी. युक्ती मोठी धूर्त होती. पैसा आधीच हाती आल्यामुळे बर्फ न पडल्यास होणाऱ्या नुकसानीची जोखीम कंपनीच्या डोक्यावरून उतरून खेळाडूच्या डोक्यावर गेली. खेळाडूचीही तक्रार नव्हती, कारण वारंवार येणाऱ्याला दर खेपेचा खर्च फारच थोडा पडू लागला. एकदाच येणाऱ्या पाहुण्याला वर्षानुवर्षे येणारे गिऱ्हाईक बनवावयाचे, म्हणजे एका अर्थाने त्याला सदर बाजारातल्या गिऱ्हाइकासारखे बांधून घ्यावयाचे, असा तो प्रयत्न होता. परिणाम मात्र दुहेरी झाला. पास घेतलेल्यांची गर्दी वाढली. पास न घेता एका दिवसापुरते येणाऱ्याचे तिकीट चढत चढत काही ठिकाणी दोनशे डॉलरच्याही पलीकडे गेले. गर्दीला सांभाळणाऱ्या कामगारांच्या वेतनाचा प्रश्न उरला तो उरलाच. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, ऐन नाताळच्या गर्दीत, याच कंपनीच्या पार्क सिटी येथील डोंगरावरील सुरक्षा-पथकाने संप पुकारला. तो १३ दिवस चालला. बरेचसे उतार बंद राहिले आणि पाहुणे रांगांत ताटकळले.

याच्या अगदी उलट उदाहरण व्हरमाँट राज्यातल्या मॅड रिव्हर ग्लेन या लहानशा डोंगराचे आहे. १९९५ साली तेथील मालकिणीने तो डोंगर खेळाडूंच्या सहकारी संस्थेला विकला. सहकार हा शब्द महाराष्ट्राच्या साखर-कारखान्यांमुळे मराठी कानांना परका नाही. परंतु येथे उसाच्या जागी बर्फ आहे आणि सभासद हेच गिऱ्हाईक आहेत. या डोंगरावर १९४८ पासून एका वेळी एकच माणूस बसेल अशा खुर्च्यांचा पाळणा आहे. तो जुना झाला, तेव्हा नव्या धर्तीचा, दोन माणसांचा पाळणा बसवावा की काय, असा प्रश्न आला. दोन माणसांच्या पाळण्याने माणसेही अधिक वर गेली असती आणि पैसाही अधिक आला असता. सभासदांनी विचार केला तो असा की वर माणसे दुप्पट गेली तर अरुंद वाटांवर उतरतानाही दुप्पट होतील. त्यांनी लाखो डॉलर उभे करून २००७ मध्ये तोच एकाकी खुर्चीचा पाळणा पुन्हा नव्याने बसविला. रांग लांब राहिली; उतार मोकळा राहिला. आपल्याला नेमके काय हवे आहे हे गिऱ्हाइकाला एकदा मालक केल्यावर किती स्पष्ट दिसू लागते, याचा हा नमुना होय. अर्थात हे जमले ते डोंगर लहान होता व सभासद हौशी होते म्हणून, हेही नाकारता येणार नाही.

आपल्या देशात गुलमर्गला असाच रज्जूमार्ग आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवट शिखराकडे जाणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तो सरकारी महामंडळाचा आहे. तेथे स्की खेळणाऱ्यांपेक्षा नुसते बर्फ पाहावयास येणाऱ्यांचीच संख्या फार मोठी, आणि उत्पन्नही त्यांचेच. दोघांच्या अपेक्षा निराळ्या, पाळणा एकच.

परंतु बर्फ रायपूरपासून दूर आहे. रायपूरकरांना थंड हवेचे ठिकाण म्हटले की बहुधा पचमढी आठवते. आज मात्र कल्याणच्या पुढे नेरळला उतरून जेथे जावे लागते त्या माथेरानचा विचार करू. कारण वर सांगितलेला सगळा पेच तेथे एका लहानशा पठारावर एकवटला आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० मध्ये या डोंगरावर चढले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी ते ठिकाण वसविण्यास चालना दिली. सुमारे आठशे मीटर उंचीचे हे पठार. तेथवर आगगाडी नेली ती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले आणि सुमारे सोळा लाख रुपये खर्चून १९०७ मध्ये अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी धावू लागली. नेरळपासून वीसएक किलोमीटरचा हा वळणावळणाचा मार्ग चढावयास आजही दोन तासांहून अधिक लागतात. एका व्यापाऱ्याने स्वत:च्या पैशाने डोंगरावर आगगाडी न्यावी, हे साहस आजच्या हिशेबी काळात नवलाचे वाटते!

माथेरानचे खरे भांडवल मात्र गाडी नव्हे. गावात मोटारीला मज्जाव आहे, हेच ते भांडवल. दस्तुरी नाक्यापाशी मोटार सोडावी लागते आणि पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉज स्थानकावरून सुटणाऱ्या छोट्या गाडीने जावे लागते. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व त्याभोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा या मज्जावाला आणखी बळ मिळाले. तांबड्या मातीच्या वाटा, वरची झाडांची सावली आणि भोंग्याचा आवाज नाही, एवढ्यासाठी पाहुणा पैसे मोजतो.

आणि नेमकी हीच गोष्ट दस्तुरी नाक्यावर त्याच्या गैरसोयीची होते. सामान आहे, मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत; गाव तर अजून दूर. अशा वेळी जो कोणी वाहन देईल त्याच्या हाती पाहुण्याची मान असते. गाडी बंद आहे, गाव फार लांब आहे, घोड्यावाचून जाताच येणार नाही, असे सांगून नवख्यांकडून अव्वाच्या सव्वा पैसे घेतले जातात, ही तक्रार इतकी वाढली की मार्च २०२५ मध्ये खुद्द गावातल्या हॉटेलवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. ही घटना नीट पाहण्याजोगी आहे. एरवी बंद होतो तो सरकारविरुद्ध. येथे गावाचा एक धंदा दुसऱ्या धंद्यावर रुसला होता. नाक्यावर लुबाडला गेलेला पाहुणा रागाने पुन्हा येत नाही, आणि त्याचा तोटा होतो तो हॉटेलवाल्याला, चिक्की विकणाऱ्याला. ज्याने लुबाडले त्याला त्याची झळ त्या दिवशी तरी लागत नाही. सदर बाजारात एका सराफाने खोटा दागिना दिला तर साऱ्या पेठेचे नाव जाते, हे पेठ जाणते आणि आपल्या माणसाला आवरते. माथेरानला तो आवर घालण्यास दुकाने बंद करावी लागली.

परंतु घोडेवाल्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे असले तरी न्याय्य नाही. परवान्याचे घोडे चारशेहून अधिक. पावसाळ्यात पाहुणा नाही, घोड्याला चारा मात्र रोज लागतो. लोहरज्जूमार्गाच्या मालकाचा आणि या घोडेवाल्याचा हिशेब मुळात एकच आहे: हंगाम थोडा, खर्च बारमाही. मालकाजवळ आधी विकलेला पास असतो, घोडेवाल्याजवळ समोर उभा असलेला पाहुणा असतो. त्याहून अवघड कष्ट हातरिक्षावाल्याचे होते. एकाने पुढून ओढावयाचे, इतरांनी मागून ढकलावयाचे, आणि आत बसलेल्या माणसाला चढावरून वर न्यावयाचे.

मग आगगाडी वाढवावी, असे कोणी म्हणेल. गाडी ही पाहुण्याच्या आवडीची आणि खिशालाही परवडणारी. पण भाड्यातून तिचा खर्च निघत नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या दोन घटनांनंतर ती पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा खचला आणि नेरळपासूनची संपूर्ण गाडी ऑक्टोबर २०२२ मध्येच धावू शकली. खाजगी मालक असता तर त्याने ती केव्हाच मोडीत काढली असती. रेल्वे ती चालवीत आली आहे आणि तिच्या तोट्यावर गावातली सारी दुकाने नफा कमावतात. हा तोटा म्हणजे एक प्रकारे गावाला मिळणारे अनुदानच होय, फक्त त्याला तसे कोणी म्हणत नाही.

दुसरी वाट विजेवर चालणाऱ्या रिक्षांची. धूर नाही, आवाज नाही. मग मज्जाव कशाला? घोडेवाल्यांचा विरोध होता, कारण पोटाचा प्रश्न होता. निसर्गप्रेमींनाही धास्ती होती की आज रिक्षा आली, उद्या तिच्यासाठी वाट फरसबंद होईल आणि परवा मोटार येईल. ही धास्ती केवळ काल्पनिक नव्हती; वाटांवर सिमेंटचे ठोकळे बसविण्यावरून वाद झालाच. ठोकळे नकोत असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की त्यांवरून घोडे घसरतात आणि गावाचे रूप जाते. हवेत असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की पावसाने तांबडी माती वाहून जाते आणि चालणेही कठीण होते. दोघेही खोटे बोलत नव्हते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रयोगापुरती परवानगी दिली, त्या वर्षीच्या डिसेंबरात काही थोड्या रिक्षा फिरू लागल्या, आणि त्यानंतर वीस रिक्षांपर्यंतची मर्यादा घालून देण्यात आली. शाळेत जाणारी मुले व वृद्ध यांना त्यांचा उपयोग फार झाला, ही गोष्ट पाहुण्यांच्या चर्चेत सहसा विसरली जाते. माथेरान हे चार-साडेचार हजार लोकांचे गावही आहे. मोटारीवाचूनची शांतता पाहुणा दोन दिवस विकत घेतो. गावकऱ्याला मात्र आजारी माणसाला घेऊन बारा महिने त्याच शांततेत राहावे लागते.

शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. माणसाने माणसाला ओढावयाची ही प्रथा अमानुष असून ती सहा महिन्यांत बंद करावी, असे त्यात सांगितले. १९८० साली पंजाबातील सायकलरिक्षाचालकांच्या खटल्यात याच न्यायालयाने रिक्षावाल्यांच्या बाजूने केलेल्या विचाराचीही आठवण या वेळी काढण्यात आली. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर सरकारनेच विजेच्या रिक्षा घेऊन त्या आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, उरलेल्या स्थानिक आदिवासी स्त्रियांना व इतर गरजूंना द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. ठोकळ्यांच्या वादात मात्र दोन्ही पक्षांना थोडेथोडे मिळाले. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर ते बसवावयाचे आणि गावातल्या आतल्या वाटा, तसेच पॉइंटांकडे जाणाऱ्या पायवाटा, मातीच्याच ठेवावयाच्या.