हात आपल्यावरच का उठतो

(इचलकरंजीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. दोन-चार शिव्या तेवढ्या काढल्यात.)

मित्रांनो, आणि मागं दाराजवळ उभ्या राहिलेल्या बहिणींनो,

मी मॅट्रिक. मुंबईत गोदीत बोटीतला माल उतरवतो आणि कविता लिहितो. डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही. तरी आज मनाच्या दुखण्यावर बोलणार आहे. ज्यांना यातलं कळतं ते साच्यांच्या खडखडाटात येऊन बोलत नाहीत, म्हणून.

मुद्दा सरळ आहे. राग आला, लाज वाटली, अपमान झाला की आपल्यातल्या कितीतरी जणांना स्वतःलाच इजा करावीशी वाटते. दरवेळी मरायचंच असतं असं नाही. नुसतं दुखवून घ्यायचं असतं. कुणी भिंतीवर डोकं आपटतो, कुणी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो. मान खाली घालू नका. मलाही हे माहीत आहे.

माझा बाप इथंच यंत्रमागावर होता. मी सहावीत असेन. आठवड्याच्या पगाराला कापडात खोट निघाली म्हणून मालकानं चारचौघांत पैसे कापले आणि वर आमची जात काढली. बाप ‘व्हय मालक’ म्हणाला. घरी आला, जेवला नाही. रात्री मोरीत बसून स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला. एक, दोन, तीन... मी अंथरुणात मोजत होतो. आई म्हणाली, ‘झोप तू, त्यांच्या अंगात आलंय.’ अंगात बिंगात काही आलं नव्हतं. मालकाच्या गालावर बसायची ती बापाच्या गालावर बसत होती. मालकावर हात उचलला असता तर साचा गेला असता, चूल विझली असती. स्वतःचं अंग तेवढं असं होतं की ज्याला मारलं तर कुणी कामावरनं काढत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्यावर तीच पाळी आली. रात्रपाळीला मुकादम सगळ्या टोळीसमोर माझ्या जातीवरनं बोलला. टोळी हसली. आणि मित्रांनो, मीही हसलो. मुकादमाचं बोलणं मी पचवलं असतं, माझं हसणं मला पचलं नाही. खोलीवर गेलो आणि भिंतीवर मूठ आपटली. खरं सांगतो, क्षणभर हलकं वाटलं. आतलं दुखणं हाताला आलं, हाताचं दुखणं निदान कळतं तरी. पण अर्ध्या तासात पहिली लाज तिथंच आणि वर दुसरी लाज, की आपण वेडे झालो की काय. मग ती दुसरी लाज घालवायला पुन्हा भिंत. सावकाराचं कर्ज असंच असतं. व्याज भागवायला नवं कर्ज.

या दुखण्याचे जाणकारही हेच सांगतात. भावना अंगावर यायला लागली, तिला वाट नाही, की माणूस शरीराकडं वळतो. कधी राग असतो, कधी लाज, आणि कधी काहीच नसतं, नुसतं रितं वाटतं. त्या रितेपणात आपण जिवंत आहोत का हे पाहायला माणूस स्वतःला दुखवून बघतो. उपाशी पोट, अपुरी झोप आणि दारू हे तिन्ही या आगीत तेल ओततात. दारूनं राग विसरतो म्हणतात, ते खोटं आहे. दारूनं आपल्याला आवरणारा विसरतो.

पोतराज तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. मोकळे केस, कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, हातात आसूड. बायकोच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. गावातली पटकी जावी म्हणून फटके कुणाच्या पाठीवर? आमच्या. आणि त्या फटक्यांना लोक पसाभर दाणे घालत. म्हणजे स्वतःला मारून घेणं हे आमच्या वाट्याला कामच म्हणून आलेलं. चळवळीतल्या माणसांनी कितीक पोतराजांचे केस उतरवले, आसूड खाली ठेवायला लावले. चांगलं केलं. पण माझ्या बापाच्या हातात आसूड नव्हता, तरी तो फटके घेतच होता. त्याच्याकडं कोण बघणार? बायकांचं तर विचारूच नका. वहिफणी करून डोळे गेलेली बाई घरी येऊन कपाळ बडवून घेते आणि आपण म्हणतो, तिला सवयच आहे.

माझा सुजलेला हात पहिल्यांदा पाहिला तो टोळीतल्या सातारकडच्या म्हाताऱ्यानं. आम्ही त्याला मामा म्हणतो.

‘हात का सुजला रं?’

‘पोतं पडलं.’

‘पोत्यानं अशी बोटं सुजत न्हाईत. कुणाला मारलंस?’

‘कुणाला न्हाई.’

मामा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘माझ्या घरच्या भितीलाबी खड्डा हाय.’

एवढंच. उपदेश नाही, ‘मर्द आहेस’ नाही. जाताना म्हणाला, पुन्हा असं वाटलं तर मला उठवायचं, झोपेत असलो तरी. पुढच्या महिन्यात मी रात्री दोन वाजता त्याला उठवलं. त्यानं आधी माझ्या आईबापाचा उद्धार केला, मग चप्पल घातली. आम्ही चहाच्या गाडीपर्यंत चालत गेलो. दुसऱ्या कपापर्यंत ती ऊर्मी उतरली होती. मी गोदीतला माणूस, भरती-ओहोटीचा हिशेब मला कळतो. भरतीला सहा तास लागतात. ही लाट बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी उतरते. तेवढा वेळ एकटं राहायचं नाही. खोलीबाहेर पडायचं, इजा होईल असं जवळ काही ठेवायचं नाही, आणि कुणाला तरी उठवायचं.

‘तू कविता लिहितोस, कवितेनं मोकळं वाटत असेल,’ असं पुष्कळजण म्हणतात. नाही वाटत. त्या रात्री कविता सुचत नाही, शिव्याही सुचत नाहीत. कविता पंधरा दिवसांनी येते, माणूस वाचला तर.

आपले काही कॉम्रेड म्हणतात, मन बिन हे पांढरपेशांचे चोचले, मालकशाही गेली की दुखणं जाईल. जाईल तेव्हा जाईल. आज रात्रीचं काय? उलट काहीजण म्हणतात, डॉक्टरकडं जा, सगळं ठीक होईल. डॉक्टरकडं जावंच, पण गोळीनं कापलेला पगार परत येत नाही. मला दोन्ही पाहिजेत. पगाराचा लढाही आणि गोळीही.

आणि एक कडू बोलतो. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेली. त्यांचे फोटो घेऊन आपण रस्त्यावर आलो, यायलाच पाहिजे होतं. पण आपल्याच गल्लीतलं जे पोरगं उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गप्प फिरतं, त्याला आपण विचारलंय? विचारल्यानं डोक्यात भलतं शिरेल ही भीती खोटी आहे. विचारल्यानं ओझं उतरतं. जो स्वतःला इजा करतो त्याला पुढं जिवाचा धोका जास्त असतो, म्हणून ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

बाबासाहेबांचं बघा. १९१७ साली बडोद्यात पारशी वसतिगृहात ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. परदेशात शिकून आलेला माणूस बागेत जाऊन बसला, आईबापाच्या आठवणीनं व्याकूळ झाला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. अठरा वर्षांनीही ते आठवलं की डोळ्यांत पाणी येतं, असंही लिहिलंय. तीन वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, ते इथून जवळच माणगावच्या परिषदेत अध्यक्ष होते, शाहू महाराज हजर होते. माणगावचा फोटो आपण घराघरात लावतो. बडोद्याची बाग आपण पोरांना सांगत नाही. रडलेला बाबासाहेब आपल्याला चालत नाही की काय?

आता कामाचं. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात. लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारनं त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ ला जुनी दंडसंहिता गेली, तिच्याबरोबर ३०९ कलमही गेलं. कोल्हापुरात सीपीआरला मानसोपचार विभाग आहे. आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. आत्ता लिहून घ्या. ज्याच्याकडं पेन नाही त्यानं शेजाऱ्याकडनं घ्या.

माझी गाडी रात्री उशिरा आहे. सभा संपली की मी बाहेर पायरीवर बसणार आहे. ज्याला बोलायचंय त्यानं यावं, ज्याला नुसतं बसायचंय त्यानंही यावं. बिडी मात्र आपापली आणा.