दहा मिनिटांची मोजणी

कवितेत भुंगे पुष्कळ. त्यांची मोजदाद मात्र शेतात उभं राहूनच करावी लागते. ब्रिटनमध्ये 2017 पासून स्वयंसेवक हे काम करतात. बागेत, माळावर, शेतातही. एप्रिल ते सप्टेंबरमधला कोरडा, उबदार दिवस निवडायचा. अर्धा मीटर लांब-रुंद चौकोन आखायचा, त्यातल्या एका जातीच्या फुलांवर दहा मिनिटांत किती कीटक बसले ते मोजायचं. प्रत्येकाचं शास्त्रीय नाव ठाऊक नसलं तरी चालतं. केसाळ भुंगा, मधमाशी, माशी, फुलपाखरू असे गट ओळखले की झालं. कुणीच आलं नाही, तर शून्य लिहायचं. त्या शून्यालाही मोल आहे.

कारण निसर्गाला सांभाळून शेती करणारा तिथला शेतकरी शेताच्या कडेला रानफुलांचा पट्टा सोडतो, तेवढ्या जमिनीतलं पीक सोडून देतो. त्याचा हा त्याग कारणी लागला का, हे मोजल्यावाचून कळणार कसं?

आपल्याकडेही कांद्याचं बी भरतं, भोपळा धरतो, तो या पाहुण्यांच्याच जिवावर. फवारणीचा खर्च वहीत असतो. पाहुण्यांची नोंद नसते. त्या नोंदीसाठी वहीचं एक पान आणि दहा मिनिटं पुरतात.